वहीत नसलेला रकाना

आमच्या घरी डिझेलची वही मी लिहिते. ऐकून लोक हसतात. बी.ए.ला मराठी घेतलेली बाई, आणि हातात जनरेटरची वही! पण धाकट्या दिरांचा मंडप-लाइटिंगचा धंदा आहे, हिशोबाचा त्यांना कंटाळा आणि माझं अक्षर बरं. त्यामुळे कितीतरी वर्षं हे काम माझ्याकडेच आहे. कुठला जनरेटर कुठे गेला, किती वाजता चालू झाला, किती वाजता बंद झाला, टाकीत किती लिटर घातलं, एवढं लिहायचं. लग्न, बारसं, गणपती, उरूस, आमच्या समाजाची पंचकल्याणक पूजा, सगळं त्या वहीत आहे. आणि निवडणूक आहे.

बेळगावात धंदा असला की निवडणुका तीन राज्यांच्या मिळतात. 2022 च्या फेब्रुवारीत आमचा एक सेट चोर्ला घाट उतरून गोव्यात गेला होता. 2023 च्या मे महिन्यात कर्नाटक विधानसभा, 2024 च्या मे महिन्यात लोकसभा, त्याच वर्षी नोव्हेंबरात महाराष्ट्राची विधानसभा, म्हणून चंदगडकडे. दिरांचं म्हणणं, निवडणूक म्हणजे आमची दिवाळी. खोटं नाही ते. पुतणीच्या इंजिनियरिंगची एका वर्षाची फी अशाच एका दिवाळीतून भरली आहे. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते आमच्याच घरच्या भाकरीविरुद्ध आहे, आणि वाचणाऱ्याला ते माहीत असलेलं बरं.

तर 2024 च्या एप्रिलअखेरचं एक पान. आमच्याकडे मतदान 7 मेला होतं. सभा कुठल्या पक्षाची ते सांगत नाही; सांगितलं की निम्मे वाचक पान उलटतील आणि उरलेले निम्मे टाळ्या वाजवतील. सभेची वेळ दुपारी चार. साडेबासष्ट केव्हीएचे दोन सेट दोन वाजता चालू केले, कारण माइक तपासायचा, मोठा पडदा लावायचा, मंडपातले फवारेवाले पंखे फिरवायचे. पुढारी आले साडेसातला. नऊ वाजता सेट बंद. तासाला एका सेटला नऊ लिटर धरा. दोन सेट, सात तास, 126 लिटर. सेटवर बसणाऱ्या मुलाला मी सहज विचारलं, "भाषण कसं झालं रे?" तो म्हणाला, "वैनी, बावीस मिनिटांत आटपलं. पुढच्या गावाला जायचं होतं त्यांना."

बावीस मिनिटांच्या भाषणाला सात तास जनरेटर. मी तो आकडा वहीत लिहिला आणि पेन खाली ठेवून बसले.

बायकांना सवय असते, कुठलाही आकडा घरच्या मापात घालून बघायची. आमच्या राज्यात 'गृहज्योती' योजना आली तेव्हा सरकारने प्रत्येक घराचं मीटर तपासलं. 2022-23 मधली तुमची महिन्याची सरासरी काढली, वर दहा टक्के सूट दिली, आणि 200 युनिटची कमाल मर्यादा घातली. माझी सरासरी नव्वदच्या आसपास. म्हणजे माझ्या घरात महिन्याला किती वीज लागते, फ्रिज किती खातो, मिक्सर किती खातो, हे सरकारी दप्तरात नोंदलेलं आहे, आणि जरा जास्त वापरली तर बिल येतं. त्या सभेच्या 126 लिटर डिझेलमधून जनरेटरने साधारण चारशे युनिट वीज केली असेल. माझ्या घरचे साडेचार महिने. ते कुठल्या दप्तरात नोंदले गेले? माझ्या वहीत. दुसरीकडे कुठेही नाही.

निवडणुकीचा हिशोब कुणी ठेवत नाही असं नव्हे. उलट आपल्याइतका बारीक हिशोब क्वचितच कुठे ठेवत असतील. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 चा. त्याच्या 77व्या कलमाप्रमाणे उमेदवाराने रोजच्या खर्चाची वही ठेवायची, आणि निकालानंतर तीस दिवसांच्या आत ती सादर करायची. 2022 पासून मर्यादा अशी की आमच्यासारख्या मोठ्या राज्यात लोकसभेच्या उमेदवाराने 95 लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराने 40 लाख रुपयांपर्यंत खर्च करायचा. चहाचा कप केवढ्याला, खुर्चीचं भाडं किती, समोसा, वडा, जीप, जनरेटर, सगळ्याचे दर जिल्ह्याचा निवडणूक अधिकारी ठरवून देतो. व्हिडिओ काढणारी पथकं खुर्च्या मोजतात. शेषन साहेबांनी 1990 नंतरच्या काळात जो धाक बसवला, त्याचं हे फळ, आणि त्याबद्दल मला आदर आहे. लहानपणी भिंतींवर चुन्याने आणि गेरूने लिहिलेली नावं पुढच्या निवडणुकीपर्यंत पुसली जात नसत. रात्री दोन वाजता कर्णे ओरडत. आता रात्री दहाला भोंगे बंद होतात आणि मतदान संपायच्या 48 तास आधी जाहीर प्रचार थांबतो. नियम केले की पाळले जातात, निदान बरेचसे, हे आपण डोळ्यांनी बघितलं आहे.

पण या सगळ्या हिशोबाचं माप एकच: रुपया. जनरेटर दरपत्रकात आहे, तो दिवसाच्या भाड्याने. डिझेल त्या भाड्यात मुरतं. सेट एक तास चालला की अकरा तास, रकान्यात फरक पडेलच असं नाही. गाडीचंही तेच, भाडं, ड्रायव्हर आणि इंधन मिळून एक रक्कम. लिटर म्हणून, युनिट म्हणून काही मोजलंच जात नाही. शिवाय मोठी भोकं कायद्यातच ठेवलेली आहेत. पक्षाचे जे 'स्टार प्रचारक' असतात, आणि मान्यताप्राप्त पक्षाला असे चाळीस जण नेमता येतात, त्यांचा पक्षाच्या प्रचारासाठीचा प्रवासखर्च उमेदवाराच्या वहीत धरत नाहीत. पक्षाने स्वतः किती खर्च करायचा याला तर मर्यादाच नाही. निवडणुकीनंतर विवरण दिलं की झालं. म्हणजे गावातल्या रिक्षावरचा भोंगा वहीत येतो, आणि आकाशातलं हेलिकॉप्टर येत नाही. दुहेरी इंजिनाचं हेलिकॉप्टर, त्याच्या आकाराप्रमाणे, तासाला दोनशे ते चारशे लिटर इंधन पितं. आमच्या त्या सभेचं दोन सेटचं सात तासांचं डिझेल त्याला एक तासही पुरत नाही.

आता बसगाड्यांकडे येते. खरी गोष्ट तिथे आहे, आणि मला ती योगायोगाने कळली.

त्याच आठवड्यात मला निपाणीला जायचं होतं, मावशींना बघायला. स्टँडवर दीड तास उभी होते. ऊन असं की स्टँडच्या पत्र्याखाली कढईत उभं राहिल्यासारखं वाटत होतं. चौकशीच्या खिडकीवर विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, "आज ऐंशी गाड्या सभेला दिल्यात बाई. आम्ही तरी काय करणार?" बिचाऱ्याचा दोष नव्हता. गाड्या पैसे भरून रीतसर भाड्याने घेतलेल्या. माझ्या शेजारी एक बाळंतीण होती, दवाखान्यातून गावाकडे निघालेली, पदराखाली तिसऱ्या दिवसाचं बाळ. ती काही बोलली नाही. तिला सवय असावी.

घरी आल्यावर मी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. ऐंशी गाड्या. डेपोतून गावाला, गावातून सभेला, सभेवरून गावाला, तिथून रिकामी परत डेपोला. गाडीमागे शंभर किलोमीटर तरी झाले असतील. एका लिटरला बस पाच किलोमीटर जाते असं धरलं, तर 1600 लिटर. आमच्या जनरेटरच्या बारापट! आणि यात जीपा, मोटारसायकलींची रॅली, पोलिसांच्या गाड्या, पुढाऱ्यांचा ताफा धरलेलाच नाही. एक लिटर डिझेल जळलं की दोन किलो सहाशे-सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे नुसत्या बसगाड्यांचा चाळीस क्विंटलच्या वर झाला.

इतकी वर्षं मला वाटत होतं की उधळपट्टी म्हणजे झगमगाट. मोठा पडदा, हॅलोजन, रोषणाई. टीका करणारेही त्याच्यावरच बोट ठेवतात, कारण ते डोळ्यांना दिसतं. पण दिव्यांचं डिझेल सगळ्यात थोडं. खरं इंधन जातं माणसं हलवण्यात. त्यातही गंमत अशी की हलवली जाणारी माणसं ज्यांचं मत आधीच ठरलेलं आहे तीच, किंवा ज्यांना दिवसाचा रोजगार आणि जेवण ठरवून आणलेलं आहे ती. ज्याचं मन वळवायचं तो घरीच बसलेला असतो. सभा त्याला वळवण्यासाठी नसते, दुसऱ्या पक्षाला दाखवण्यासाठी असते. तुमच्या साठ गाड्या, तर आमच्या ऐंशी. उद्या त्यांच्या शंभर. ही चढाओढ आहे, हिचा मतदाराशी फारसा संबंध नाही, म्हणूनच तिला अंत नाही.

शिवाय ऋतू कुठला? 2024 चं मतदान देशभर 19 एप्रिल ते 1 जून असं सात टप्प्यांत चाललं. ऐन उन्हाळा, आणि आमच्याकडे तर 2023 चा पाऊस गेलेला. राज्याच्या 236 पैकी दोनशेहून जास्त तालुके दुष्काळी जाहीर झालेले. हेलिकॉप्टर उतरायचं म्हणजे माती उडू नये म्हणून मैदानावर पाणी मारतात. एका गावी आमचा मंडप होता, तिथे सकाळी पाण्याचा टँकर आला तशा बायका घागरी घेऊन पळत निघाल्या. टँकर पुढे गेला, मैदानाकडे. पोरांनी येऊन मला हे सांगितलं तेव्हा त्यांनाही हसू येत नव्हतं. ते पाणी उपसायला वीज लागली, वाहून आणायला डिझेल लागलं, आणि ते धुळीवर ओतलं. हा खर्च रुपयांत फार तर हजार-दोन हजार होईल.

राजकीय सभा म्हटली की नासाडी व्हायचीच, असं कुणी म्हणालं की मला टिळकवाडीची विहीर आठवते. 1924 च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी त्यांच्या आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथे. एवढ्या लोकांना पाणी कुठून आणायचं म्हणून तेव्हा विहीर खणली. ती आजही आहे, गाव तिला काँग्रेस विहीर म्हणतं. जुन्या काळाचं कौतुक म्हणून सांगत नाही. तेव्हाही आगगाड्या कोळशावर आल्या, तेव्हाही खर्च झालाच. पण ती सभा उठून गेल्यावर गावात पाणी राहिलं. आताची सभा उठली की काय राहतं? फ्लेक्स. कर्नाटकात 2016 पासून फ्लेक्सवर बंदी आहे, तरी राहतो. आमच्या गल्लीत एका पुढाऱ्याचं हसतं तोंड आज गोठ्यावर पाऊस अडवतं, तेवढाच त्याचा उपयोग.

इथे एक गोष्ट नीट वेगळी केली पाहिजे, नाहीतर माझं बोलणं लोकशाहीविरुद्ध जाईल. मतदानाला लागणारी शक्ती आणि मत मागायला लागणारी शक्ती, या दोन निरनिराळ्या आहेत. मतदान घेण्यात आपला देश किती काटकसरी आहे! मतदानयंत्राला वीज लागत नाही, ते त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालतं. 1982 मध्ये केरळातल्या परूरला ते पहिल्यांदा वापरलं, तेव्हापासून वीज नसलेल्या गावाचाही त्यात विचार आहे. देशभर दहा लाखांवर मतदान केंद्रं असतात, मतदाराला शक्यतो दोन किलोमीटरपेक्षा लांब जावं लागू नये म्हणून. अरुणाचलात मालोगाम नावाच्या ठिकाणी एका बाईच्या एका मतासाठी कर्मचारी डोंगर तुडवत यंत्र घेऊन जातात. त्याला लागेल ते इंधन लागो. त्यातला एक थेंब वाया गेला असं मी म्हणणार नाही. तिथे नागरिकाकडे जाण्यासाठी सरकार हलतं. प्रचारात नागरिकाला उचलून पुढाऱ्यापुढे नेतात.

मी हे घरात बोलले तेव्हा दिरांनी विचारलं, "वहिनी, मग आपल्या पंचकल्याणकाला काय पणत्या लावतो काय आपण?" बरोबर आहे. पाच दिवस सेट चालतात, हत्ती येतो, हेलिकॉप्टरमधून फुलं टाकायची हौससुद्धा लोकांना होते. अहिंसेचं नाव घ्यायचं आणि वर आकाशातून पाकळ्या! त्यांचा हा टोला मी मान्य केला आणि इथेही लिहिते आहे, कारण समाजातल्या मंडळींनी वाचावं.

पण त्या बोलण्याने मला सासूबाई आठवल्या. त्या फार शिकलेल्या नव्हत्या, पण चतुर्दशीला बस्तीत स्वाध्यायाला बसून त्यांना श्रावकाची व्रतं पाठ झाली होती. खोलीत कोणी नसताना पंखा फिरत राहिला की त्या एकच शब्द म्हणत, "अनर्थदंड." काही कारण नसताना दुसऱ्या जिवांना दिलेला त्रास. समंतभद्राचार्यांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यातला एक प्रमादचर्या. विनाकारण माती उकरणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं, वारा ढवळणं, झाडं तोडणं. आणि त्यातच पुढे आहे, निष्कारण भटकणं आणि दुसऱ्यांना भटकायला लावणं. लग्न होऊन आले तेव्हा मला हे शेवटचं जरा विचित्र वाटलं होतं. माणसाने फिरू नये काय? आता ऐंशी बसगाड्यांचं गणित मांडल्यावर कळलं की आचार्यांनी ते अग्नीच्या आणि पाण्याच्या रांगेत का बसवलं असेल. भटकायला लावणं म्हणजे जाळणंच आहे. हे कळायला जैन असावं लागत नाही, वही लिहिता आली तरी पुरे.

यात महत्त्वाचा शब्द 'विनाकारण' आहे. स्वयंपाकाला चूल पेटवली तर तो अनर्थदंड नव्हे. नव्या, गरीब उमेदवाराने जीप घेऊन वाड्यावस्त्या हिंडणं हाही नव्हे. लोकांना तोंड दाखवल्याशिवाय तो निवडून यायचा कसा? म्हणून मला बंदी नको आहे. बंदी घातली की ती त्याच्याच जीपवर बसेल आणि हेलिकॉप्टर उडतच राहील. मला फक्त एक रकाना हवा आहे. खर्चाच्या वहीत रुपयांच्या शेजारी लिटर आणि युनिट. उमेदवाराच्या वहीत, पक्षाच्या विवरणात, आणि स्टार प्रचारकांच्याही नावापुढे. लोकांना वाचता येईल असा. मग मतदार बघेल, याने माझं मत मागायला किती जाळलं. जे पुढारी निवडून आल्यावर आपल्याला वीज वाचवा, पाणी वाचवा सांगतात, त्यांचा आकडा आपल्याला माहीत असायला नको काय? माझा आकडा त्यांना माहीत आहेच की.

कुणी म्हणेल, देशाच्या एकूण इंधनात हे चिमूटभर. असेल. मीठही चिमूटभरच असतं, पण घरात कुणाचा हात सैल आहे ते त्यावरूनच कळतं.

नोव्हेंबरात चंदगडकडची कामं आली तेव्हा मी दिरांकडे हट्ट धरला. बिलावर भाड्याखाली दोन ओळी छापून घ्यायच्या: सेट किती तास चालला, किती लिटर जळलं. आणि घेणाऱ्याची सही. ते कुरकुरले, पण छापून आणलं. पहिल्याच सभेच्या बिलावर त्या पक्षाच्या माणसाने रकमेपुढे सही केली आणि खालच्या दोन ओळी आडव्या रेघेने खोडल्या. दिरांनी विचारलं तर म्हणाला, "आयोगाला रुपये लागतात हो. लिटर कोण विचारतंय?"

पुढच्या सभेचं काम दुसऱ्याकडे गेलं. त्या हंगामात आणखी दोन कामं गेली. दीर मला काही बोलले नाहीत, पण जेवताना दोन दिवस गप्प होते. मी छापलेली बिलं मागे घेतली नाहीत. खोडलेलं बिल वहीत चिकटवून ठेवलं आहे, 126 लिटरच्या पानासमोर. रेघ शाईची आहे, खालचा आकडा वाचता येतो.